इथल्या रांगेत कुणी भांडत नाही

लेस्टर (इंग्लंड), जानेवारी २०२६

प्रिय मंदे,

सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "तिकडं गोऱ्यांच्या देशात कसली गं भूक? आणि तू काय, चर्चमध्ये डबे वाटत बसतीस?" असं विचारून वर खदाखदा हसलीस. फोनवर उत्तर द्यावं तर तुझ्या रेशनच्या दुकानात कुणीतरी कार्ड घेऊन उभं राहतं आणि तू "थांब गं" म्हणून जी जातेस ती जातेसच. म्हणून लिहूनच काढते. निवांत वाच, पॉस मशिनची रेंज जाईल तेव्हा.

भूक आहे, मंदे. अंगावरच्या कपड्यांवरून मात्र ती ओळखता येत नाही. आमच्या अन्नवाटपाच्या केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणी कामावर जाणाऱ्या आहेत. कुणी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, कुणी गोदामात खोकी भरते, कुणी शिवणाच्या कारखान्यात बसते. (या गावातल्या काही शिवणकारखान्यांत कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षाही कमी पैसे देतात, हे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इथल्या सगळ्या पेपरांत गाजलं होतं.) पगार येतो, भाडं जातं, वीज-गॅस जातो. भाडं थकवलं तर मालक बाहेर काढतो. जेवण कमी केलं तर कुणाला कळत नाही. म्हणून काटकसर पहिली ताटातच होते, आणि तीही आईच्या ताटात.

आता आमचं केंद्र कसं चालतं ते सांगते, तुला दुकानदारणीला त्यातच जास्त रस. इथे साधारण दोन तऱ्हा आहेत. एक फूड बँक. ट्रसेल नावाच्या संस्थेची पहिली फूड बँक सॉल्सबरी गावात २००० साली सुरू झाली, आणि आता तिचं जाळं देशभर आहे. तिथे सहसा डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राकडून चिठ्ठी आणावी लागते, मग तीन दिवसांचा शिधा मिळतो: पास्ता, डबाबंद शेंगा, डबाबंद मासे, टिकाऊ दूध, चहा, बिस्किटं. २०२४-२५ या एका वर्षात एकट्या ट्रसेलच्या केंद्रांनी सुमारे २९ लाख पार्सलं दिली, त्यातली दहा लाखांहून जास्त मुलांसाठी. हा आकडा दयाळूपणाचा म्हणून मिरवायचा की लाजेचा, यावर आमच्या चहाच्या टेबलावर दर आठवड्याला वाद होतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे पँट्री, आमची ती आहे. चिठ्ठी नाही. आसपास राहणाऱ्यांनी सभासद व्हायचं, आठवड्याला पाच पाउंड भरायचे आणि फळ्यांवरून आपल्या हाताने सामान उचलायचं. बाहेर त्याची किंमत तिप्पट-चौपट होईल. माल येतो तो मोठ्या दुकानांचा आणि कंपन्यांचा उरलेला. फेअरशेअरसारख्या संस्था १९९४ पासून हेच काम करतात: जो माल फेकला जाणार, तो गोळा करून असल्या केंद्रांकडे पोचवायचा. पण उरलेलं म्हणजे उरलेलं. काय येईल याचा नेम नसतो. एका आठवड्यात ॲव्होकाडोच्या पेट्याच्या पेट्या आल्या आणि कांदा एक नाही. आमच्या गुजराती मोटीबेन त्या हिरव्या फळाकडे बघत म्हणाल्या, "आनुं शुं करवानुं?" मी म्हटलं, मीठ, मिरची, लिंबू घाला आणि पोळीला लावा. दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाल्या, बरं लागलं, पण कांदा हवाच होता.

पाच पाउंडांची गंमत मला आधी कळली नव्हती. एवढ्याने केंद्राचा खर्च काही भागत नाही. पण पैसे टाकले की माणूस टोपली घेऊन आत शिरतो ते गिऱ्हाईक म्हणून. "ही डाळ नको, ती द्या" म्हणायला तोंड उघडतं.

एक गोष्ट ऐकून तू चाट पडशील. इथे काही जण बटाटे परत ठेवतात. बटाटा उकडायला वेळ लागतो, म्हणजे वीज लागते. गरिबांच्या घरी बऱ्याचदा प्रीपेड मीटर असतो, मोबाइलसारखं आधी रिचार्ज मारायचं, आणि मागची थकबाकी त्याच रिचार्जमधून कापली जाते. दहा पाउंड भरले तर दहाची वीज हातात येत नाही. २०२२ मध्ये तर एका सुपरमार्केट साखळीच्या प्रमुखानेच जाहीर सांगितलं होतं, की फूड बँकेतले लोक बटाटे आणि कंदमुळं नाकारताहेत, उकडणं परवडत नाही म्हणून. काही जणांकडे शेगडीच नसते, एका खोलीत नुसती किटली. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी भरतात, गरम पाणी ओतलं की होईल अशा वस्तूंची. आपल्या आईने चुलीला काटक्या गोळा केल्या, पण बटाटा नको म्हणायची वेळ तिच्यावरही आली नव्हती.

सरकार काय करतं, हा तुझा पुढचा प्रश्न. करतं. युनिव्हर्सल क्रेडिट नावाची मदत आहे, पण पहिले पैसे हाती यायला पाच आठवडे लागतात. मधल्या काळासाठी उचल मिळते, ती पुढच्या महिन्यांतून कापून घेतात. शिवाय २०१७ पासून नियम होता, तिसऱ्या मुलापासून त्याच्या वाट्याचे पैसे नाहीत. आपल्याकडे तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, इथे त्या तिसऱ्याच्या दुधावर कात्री. निदान २०२५ च्या नोव्हेंबरच्या बजेटमध्ये तो नियम एप्रिल २०२६ पासून रद्द केल्याचं जाहीर झालंय. आमच्याकडची चार लेकरांची एक आई ते सांगताना टेबलावर बोटांनी हिशेब करत होती, अजून तिचा विश्वास बसत नाहीये.

आणि विद्यार्थी. व्हिसावर आलेल्यांना सरकारी मदत घेता येत नाही, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करायची परवानगी. फूड बँक सरकारी मदतीत मोडत नाही, त्यामुळे इथे यायला बंदी नाही. मध्यंतरी कॅनडात यावरून केवढा गदारोळ झाला. व्हँकुव्हरच्या मोठ्या फूड बँकेने २०२४ मध्ये पहिल्या वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांना अन्न देणंच थांबवलं. "पैसे दाखवून व्हिसा घेता आणि मग फुकट खाता" असं आपलेच लोक जास्त कडवटपणे बोलतात. बोलणाऱ्यांनी एकदा बँकेच्या कर्जाचा हप्ता आणि एका खोलीत तिघांचं भाडं मांडून बघावं.

शरद ऋतूत एक पोरगा आला, खानदेशातला. मी फळीपाशी कुणाशी तरी फोनवर मराठीत बोलत होते, ते ऐकून त्याने हातातली टोपली हळूच खाली ठेवली. "काकू, मी फक्त बघायला आलोय," म्हणाला. मी म्हटलं, बघायला आलास ना, मग मागच्या दाराशी व्हॅन आलीय, पोती उतरव. उतरवली. आता दर गुरुवारी येतो, आणि जाताना सगळ्या स्वयंसेवकांसारखी पिशवी भरून नेतो. मी विचारत नाही, तो सांगत नाही. परवा तूरडाळ आली तर माझ्यासाठी एक पुडा बाजूला काढून ठेवला होता, शहाणा!

पण तुला हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. इथल्या रांगेत कुणी भांडत नाही.

तुझ्या बचत गटाने रेशन दुकान घेतलं तेव्हा मी सुट्टीवर आले होते, आठवतं? दुपारभर तुझ्या काउंटरमागे बसले होते. एक म्हातारी आली, मशिनवर अंगठा उमटेना. तू म्हणालीस दुसरं बोट लाव. तेही उमटेना. मग जी सुरू झाली ती! "माझं पाच किलो सरकारनं लिवलंय, तुझ्या बापाचं न्हाई!" तुला, मला, मशिनला, तहसीलदाराला, कुणाला सोडलं नाही. शेवटी तूच तिचा माल मोजलास, आणि तिने काट्याकडे डोळे लावून तो घेतला. त्या दिवशी तू रडकुंडीला आली होतीस आणि मला हसू आवरत नव्हतं.

आता वाटतं, ती म्हातारी बरोबर होती, आणि तिला तसं भांडता येत होतं ते कायद्यामुळे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो, अंत्योदय कार्डाला पस्तीस किलो हा तिचा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून त्याला पैसेही लागत नाहीत. नावं गळतात, केवायसी अडते, धान्यात खडे येतात, हे तू मला सांगायची गरज नाही. नुसत्या गहू-तांदळाने ताट भरत नाही, हेही खरं. तरी तिला "माझं" म्हणता येतं.

इथे येणारा माणूस दारातच "सॉरी" म्हणतो. तारीख उलटलेलं दही मिळालं तरी "थँक यू सो मच." एका बाईला तिच्या लेकराला चालत नाही असं दूध पिशवीत गेलं, तिने ते घरी नेऊन शेजारणीला दिलं, आम्हाला बोलली नाही. का, तर पुढच्या वेळी चांगलं तोंड ठेवून यायचंय. अगदी प्रेमाने चाललेल्या केंद्रातसुद्धा हे असं होतं, कारण आम्ही देतो ते आमच्या मर्जीवर. उद्या माल नाही आला तर आम्ही "माफ करा" म्हणून दार लावू, आणि कुणी आमच्यावर अर्जही करू शकणार नाही. ट्रसेलवालेच सांगतात, आमचं ध्येय फूड बँकेची गरजच संपवणं हे आहे. दुकान बंद पडावं म्हणून दुकान चालवायचं, असं काम तू कधी केलंयस?

लाज घालवायची एक तऱ्हा मात्र इथे मला दिसली. आमच्या गावात होली बोन्स नावाच्या गल्लीत गुरुद्वारा आहे. तिथे लंगरला जा, कुणी नाव विचारत नाही, पत्ता विचारत नाही. डॉक्टर, बेघर माणूस, मी, सगळे खाली एका पंगतीत. कोण गरजेने आलंय आणि कोण चवीने, हे वाढणाऱ्यालाही कळत नाही. आम्ही पँट्रीवाले पाच पाउंडांची एवढी कसरत करून जे साधायला बघतो, ते तिथे सतरंजीवर होऊन जातं. पण लंगर ताटापुरता. घरच्या फ्रिजमध्ये उद्याचं दूध तो ठेवू शकत नाही.

तर मी गेल्या मीटिंगमध्ये एक सुचवलं. म्हटलं, आमच्याकडे प्रत्येक रेशन दुकानात साठ्याचा आणि भावाचा फलक असतो आणि तक्रार वही असते. आपणही दारात फलक लावू या: आज काय आलं, किती आलं, कुठून आलं. आणि शेजारी वही ठेवू या. आमच्या मॅनेजरबाई, एरवी फार मायाळू, जरा गोंधळल्या. "पण हे लोक तक्रार कशाला करतील? आपण मदत करतोय." मी म्हटलं, म्हणूनच ठेवायची. बराच खल झाला. एक निवृत्त पोस्टमन माझ्या बाजूने बोलला आणि शेवटी तीन महिने करून बघू असं ठरलं. वही आणलीय. पहिले दोन गुरुवार कोरी गेली. कुणीतरी "थँक यू" लिहून हसरा चेहरा काढलाय, तेवढंच. त्या खानदेशी पोराला म्हटलं, तू तरी काहीतरी खरमरीत लिही. म्हणतो, "काकू, तुमच्याच विरुद्ध लिहू का?"

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. तुमच्या दुकानातल्या फलकाचा स्वच्छ फोटो पाठव, रकाने नीट दिसले पाहिजेत. आणि तक्रार वहीतली एक-दोन पानं, नावं झाकून. मला भाषांतर करून इथे भिंतीवर लावायचीत. तुझ्याविरुद्धची सगळ्यात झणझणीत तक्रार मात्र वगळू नकोस, मला ठाऊक आहे ती कुणी लिहिली असेल!

दाजींना नमस्कार, धाकटीला दहावीसाठी शुभेच्छा.

तुझी,
कुंदा