पडलेले पेरू झाडाखाली राहू देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरता सरता जुळे सोलापूर, विजापूर रोड भागातल्या अंगणांत पेरू पिकतात आणि लगेच सडू लागतात. वरून चांगला दिसणारा पेरू कापला की आत पांढऱ्या अळ्या. मग दुकानातून औषध आणून झाडावर मारले जाते. मुले जे फळ तोडून तसेच खातात, त्यावर विष मारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याने अळी मरतही नाही. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते, अळी गरात वाढते. वरची फवारणी तिथवर पोचतच नाही.

खरा बंदोबस्त जमिनीवर करायचा आहे. वाढलेली अळी पडलेल्या फळातून बाहेर येते, झाडाखालच्या मातीत दोन-चार बोटे खोल शिरते आणि कोष करते. काही दिवसांत त्यातून नवी माशी निघते. म्हणून पडलेली फळे रोज सकाळी वेचावीत, डंख लागलेली झाडावरचीही काढावीत. ती वरवर पुरली तर माशी माती फोडून वर येते; खड्डा दीड-दोन फूट तरी हवा. एवढी जागा नसेल तर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गच्चीवर ठेवावीत. चार-पाच दिवसांच्या कडक उन्हात अळ्या आतच मरतात, आणि उन्हाला सोलापुरात काय तोटा! झाडाखालची माती अधूनमधून खुरपली की कोष उघडे पडतात, ते मुंग्या-पाखरे टिपतात.

फळे लिंबाएवढी झाली की कागदी किंवा पातळ कापडी पिशवी बांधावी. थोड्या झाडांना याहून खात्रीचा उपाय मला दिसत नाही.

फळमाशीचा सापळा, म्हणजे वासाने माशी ओढून अडकवणारी बाटली, घेताना मात्र नीट विचारावे. पेरू-आंब्याला मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याचा लागतो. दोडका, कारले, काकडीच्या वेलांना क्यू-ल्यूर या दुसऱ्या गंधद्रव्याचा. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. शिवाय दोन्हींत नरच सापडतात. बाटली माश्यांनी भरली म्हणून निश्चिंत होऊन फळे वेचणे सोडले, तर अंडी घालणाऱ्या माद्या बाहेर मोकळ्याच असतात.

सर्वात वाईट सवय म्हणजे सडके पेरू शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर भिरकावणे. तिथे वाढलेली माशी गल्लीतल्या प्रत्येक झाडावर येते, शहराला लागून असलेल्या बागांतही जाते. २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर युरोपीय संघाने बंदी घातली, तिचे मुख्य कारण फळमाशीच होते. शेतकऱ्याचे केवढे नुकसान होते, हे डाळिंबाच्या या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

महापालिकेने पेरूच्या हंगामात घंटागाडीच्या भोंग्यावरून याची सूचना रोज द्यावी आणि सडकी फळे बंद पिशवीत वेगळी घ्यावीत. वसाहतींनी वर्गणी काढून सगळ्या गल्लीत एकाच आठवड्यात सापळे लावावेत.

– एक वाचक, जुळे सोलापूर