हायड्रोजनची मोजदाद आणि रेणूचा आकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत प्रथिनांचा आकार शोधण्याच्या पद्धतींवर आलेला लेख आवडीने वाचला. मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या, म्हणजे आयनांचे वस्तुमान मोजण्याच्या, विषयावर मराठीत इतक्या नेटकेपणाने लिहिलेले क्वचित वाचायला मिळते. मात्र त्यातील एक विधान विद्यार्थ्यांची दिशाभूल करील असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. प्रोटॉनयुक्त पेप्टाइडचा (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा) आयन निर्वात पोकळीत जड पाण्याच्या वाफेच्या सान्निध्यात ठेवला की पृष्ठभागावरच्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, येतो आणि अशा बदललेल्या जागा मोजल्या की रेणू किती उघडा आहे ते कळते, असे लेखकाने म्हटले आहे. द्रावणाबद्दल हे विधान बऱ्याच अंशी मान्य करता येईल. वायुरूप आयनांबद्दल ते तसे मान्य करता येत नाही.

द्रावणातील पद्धतीचा पाया १९५० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रोम-लांग यांनी घातला. तेथे प्रथिनाच्या चहूबाजूंनी पाणी असते, अदलाबदल घडवून आणणारे आम्ल किंवा अल्क हाताशी असते, आणि जो अमाइड हायड्रोजन (साखळीतील दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या दुव्याच्या नायट्रोजनवरचा) प्रथिनाच्या घडीच्या आत हायड्रोजन बंधात अडकलेला असतो तो मागे राहतो. निर्वात पोकळीत यातले काहीच नसते. आयनाची गाठ एका वेळी एकाच तटस्थ रेणूशी पडते आणि जे काही घडायचे ते त्या दोघांच्या तात्पुरत्या जोडीतून मिळणाऱ्या ऊर्जेवरच घडावे लागते.

ट्रायग्लायसिनचे, म्हणजे ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या तीन कड्यांच्या साखळीचे, उदाहरण घेऊ, कारण त्यात घडीचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. प्रोटॉन जोडल्यावर या आयनाचे वस्तुमान १९० होते आणि त्यात बदलता येण्याजोगे सहा हायड्रोजन असतात: अमाइनच्या टोकाला तीन, अमाइडवर दोन आणि कार्बोक्सिलवर एक. सहाही बदलले की वर्णपटातील शिखर १९६ वर सरकते. बोशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ग्लायसिनच्या अशा लहान साखळ्या जड पाणी, ड्यूटेरियमयुक्त मिथेनॉल, ॲसेटिक आम्ल आणि अमोनिया या चार अभिकारकांसमोर ठेवल्या आणि १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्ल यांच्यासमोर कार्बोक्सिलचा हायड्रोजन सर्वांत वेगाने बदलला, तर अमोनियासमोर अमाइनच्या टोकाचे हायड्रोजन त्याच्याही पुढे गेले. पेप्टाइड तेच असताना केवळ अभिकारक बदलल्याने क्रम बदलत असेल, तर आपण मोजतो आहोत तो निव्वळ उघडेपणा नव्हे, हे उघड आहे.

याचे कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. ग्लायसिनची प्रोटॉन ॲफिनिटी (प्रोटॉन धरून ठेवण्याची ओढ) मोलला सुमारे ८८६ किलोज्यूल, अमोनियाची ८५४ आणि पाण्याची केवळ ६९१. अमोनियाला फरक थोडा पडतो, म्हणून तो प्रोटॉन जवळपास स्वतःकडे ओढून घेतो, तयार झालेल्या अमोनियम आयनाला पेप्टाइडचे कार्बोनिल ऑक्सिजन आधार देतात, आणि त्या एकाच भेटीत कधी कधी एकाहून अधिक हायड्रोजन बदलून जातात. पाण्याला जवळजवळ दोनशे किलोज्यूलची ही दरी ओलांडणे शक्य नाही. तरीही अदलाबदल होते, कारण पाण्याचा रेणू एका बाजूने अमाइनचा प्रोटॉन घेत असतानाच दुसऱ्या बाजूने आपला ड्यूटेरियम जवळच्या कार्बोनिलला देतो. त्यासाठी प्रोटॉन असलेली जागा आणि तो स्वीकारू शकणारी दुसरी जागा, या दोन्ही पाण्याच्या एका रेणूच्या आवाक्यात असाव्या लागतात. पृष्ठभागावर असूनही प्रोटॉनपासून दूर असलेला हायड्रोजन म्हणूनच तसाच राहू शकतो. आर्जिनिन हे अमिनो आम्ल असलेल्या पेप्टाइडमध्ये प्रोटॉन त्याच्या ग्वानिडीन गटाने इतका घट्ट धरलेला असतो की पाण्याबरोबरची देवाणघेवाण मंदावते. तेवढ्यावरून ते पेप्टाइड घट्ट मिटलेले आहे असे ठरवणे चुकीचे होईल.

अदलाबदलीला वाट मिळावी लागते, हे आपल्याकडच्या उदाहरणावरूनही दिसते. रायगड जिल्ह्यातील थळ येथील जड पाणी प्रकल्प अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यातील ड्यूटेरियमच्या अदलाबदलीवरच चालतो; पण हे दोन पदार्थ नुसते एकत्र आणून तेथे भागत नाही, द्रवरूप अमोनियात उत्प्रेरक म्हणून पोटॅशियम अमाइड विरघळवावे लागते.

ही पद्धत कुचकामी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. कॉर्नेल विद्यापीठात मॅक्लॅफर्टी यांच्या गटाने १९९३ मध्ये याच पद्धतीने दाखवले की सायटोक्रोम-सी या प्रथिनाचे वायुरूप आयन अनेक वेगवेगळ्या आकारांत एकाच वेळी टिकून राहतात, आणि तो शोध या क्षेत्रातला मोलाचा शोध आहे. परंतु तेथे आयनांचे वेगवेगळे गट वेगवेगळ्या गतीने हायड्रोजन बदलतात, एवढाच निर्विवाद निष्कर्ष निघतो. प्रत्येक गटाचा आकार कसा आहे हे सांगायला आयन मोबिलिटीसारखे (आयन वायूतून किती वेगाने सरकतो ते पाहणारे) स्वतंत्र मापन सोबत असावे लागते. शिवाय उपकरणात उरलेल्या साध्या पाण्याच्या वाफेमुळे ड्यूटेरियम पुन्हा हायड्रोजनला जागा देतो आणि आकडा कमी भरतो. नव्याने प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधीच सांगायला हवे, नाहीतर उपकरणाच्या भिंतींवरच्या ओलाव्याची मोजदाद तो पेप्टाइडच्या नावावर मांडेल.

लेखाच्या संकेतस्थळावरील आवृत्तीत या विधानाला ‘द्रावणात’ एवढी मर्यादा घालावी, आणि वायुरूप आयनांसाठी कोणता अभिकारक वापरला होता याचा उल्लेख जोडावा, अशी लेखकांना आणि आपल्याला विनंती आहे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे