माझ्या भूतकथेला प्रेमकथा मानणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

यंदाच्या दिवाळी अंकात माझी गिरणीतल्या भुताची प्रेमकथा छापून आली. कथेखाली माझे एकटीचे नाव आहे आणि तशीच रीत आहे. परंतु ती कथा ज्या प्रश्नांच्या आधाराने उभी राहिली ते प्रश्न आपले होते. हे चार लोकांसमोर सांगितल्याशिवाय माझ्या मनाचे समाधान होणार नाही, म्हणून हे पत्र खाजगी न ठेवता उघडपणे लिहीत आहे.

आपल्या ओसरीवरच्या वाचनालयात मी प्रथम आले तेव्हा माझी शाळा संपत आली होती. सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरात तेलुगू बोलली जाते. मराठी मला शाळेने दिली आणि वाचनाची गोडी आपण लावलीत. मुलीने प्रेमकथेचे पुस्तक मागितले की तिच्याकडे रोखून पाहण्याची पद्धत मी इतरत्र अनुभवली होती. आपण ती कादंबरी सरळ नोंदवहीत माझ्या नावावर चढवलीत आणि परत आणल्यावर एवढेच विचारलेत की, नायिकेला तो का आवडला हे लेखकाने दाखवले आहे की नुसते सांगितले आहे. वाचलेल्या पुस्तकाविषयी माझे मत कोणी विचारावे, याची मला तोवर सवय नव्हती. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी ती कादंबरी पुन्हा वाचायला नेली आणि तेव्हापासून वाचताना माझे लक्ष लिहिणाऱ्याच्या हाताकडेही जाऊ लागले.

प्रेमकथा हा दुय्यम प्रकार नाही हे आपण व्याख्यान देऊन नव्हे, तर पुस्तके हातात ठेवून शिकवलेत. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखली जाणारी 'गाथासप्तशती' आपण मला अर्थासह वाचायला दिलीत, आणि महाराष्ट्री प्राकृतातील त्या गाथांमधून खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांची ओढ, रुसवे आणि वाट पाहणे इतक्या मोकळेपणाने बोलते हे पाहून माझा संकोच गळून पडला. अद्भुताच्या बाबतीतही तेच झाले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा हा मर्त्य राजा निघून चाललेल्या उर्वशी अप्सरेला थांबण्यासाठी विनवतो. उषा ज्याला स्वप्नात पाहते त्या अनिरुद्धाचा चेहरा तिची सखी चित्रलेखा चित्रे काढून शोधून देते आणि मग आपल्या विद्येच्या बळावर त्यालाच उचलून आणते. मराठी कादंबरी अगदी बाल्यावस्थेत असताना, १८६१ साली आलेली 'मुक्तामाला' हीदेखील अद्भुतरम्यच होती. दुसरीकडे, १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे केवळ प्रणयकादंबऱ्यांसाठी ओळखल्या गेलेल्या मिल्स अँड बूनची पुस्तकेही आपल्या कपाटात होती. त्यांतील सुखान्त हा वाचकाला दिलेला शब्द असतो आणि तो शब्द पाळण्यासाठी लेखकाला फार कसब लागते, हे आपण त्यांतलीच काही पाने उलगडून मला समजावलेत. आपल्या कपाटात वरचा आणि खालचा असे खण नव्हते, याचे मोल मला आज अधिक जाणवते.

मी लिहू लागले तेव्हा माझी मोठी शंका अशी होती की, आपल्या गावातल्या वाचकाला भुताचे प्रेम पटेल का. हडळ आणि मुंजा यांच्या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. पण त्या भीतीच्या गोष्टी म्हणून ठाऊक असतात. आपण मला गड्ड्याच्या यात्रेची आठवण दिलीत. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांवर कुंभाराच्या मुलीचे मन जडले, विरक्त योग्याने विवाहाला नकार देऊन तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली, आणि त्या लग्नाच्या अक्षता आजही संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर पडतात. सात नंदीध्वज मिरवत येतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे त्यांच्याबरोबर चालतात, मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे सारे सोलापूर वऱ्हाडी होते. जे गाव दरवर्षी एका दंडाशी लागलेल्या लग्नाला अक्षता टाकायला जाते, त्या गावाला अशक्य वाटणाऱ्या प्रेमाची ओळख करून देण्याची गरज नाही, असे आपण म्हणालात. लहानपणापासून तो सोहळा पाहत असूनही मी त्याकडे प्रेमकथा म्हणून पाहिले नव्हते.

त्याच बैठकीत आपण दोन गोष्टींकडे बोट दाखवलेत आणि माझी पुढची सारी रचना त्यांवर झाली. पहिली अशी की, अक्षता पडण्यापूर्वी तेथे संमतीचे वाचन होते. भुताजवळ जिवंत माणसापेक्षा अधिक शक्ती असते, तो बंद दारातून येऊ शकतो, न दिसता पाहू शकतो. म्हणून त्याने आधी विचारले पाहिजे आणि नायिकेला नाही म्हणता आले पाहिजे, नाहीतर ती भीतिकथाच राहील. दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. अक्षतांच्या दुसऱ्या दिवशी होम होतो आणि कुंभारकन्या त्या अग्नीत जाते. दंतकथेचा मान राखूनही आपण मला विचारलेत की, माझ्या नायिकेलाही प्रेमासाठी जग सोडावे लागणार आहे काय.

माझ्या कथेतील नायक बंद पडलेल्या गिरणीतला सांचेवाला, म्हणजे माग चालवणारा कामगार, आहे आणि नायिका हातमाग चालवणाऱ्या घरातली मुलगी आहे. कच्च्या खर्ड्याच्या समासात आपण पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न मी जपून ठेवले आहेत. तो कुठे येऊ शकतो? कशाला हात लावू शकतो? त्या स्पर्शाची किंमत कोण मोजते? अद्भुताला नियम नसला तर संकट आले की लेखक हवे ते घडवतो आणि वाचकाची धाकधूक संपते, हे आपले म्हणणे मला तंतोतंत पटले. मग मी नियम ठरवला की, तो जिवंत असताना विणले गेलेले कापडच त्याच्या हाताला लागेल. नायिका आजीच्या पेटीतली जुनी चादर घेऊन येते आणि त्या चादरीआडून दोघांचे हात प्रथम एकमेकांना लागतात. प्रत्येक भेटीत चादर विरत जाते. हीच त्या प्रेमाची किंमत.

शेवटाशी मात्र कथा अडली. चादर संपली की भेटी संपणार. मग उरतो तो वियोग किंवा नायिकेचा मृत्यू. या ठिकाणी आपण मला उत्तर दिले नाहीत. ज्या मुलीच्या घरात माग आहे ती स्वस्थ का बसली आहे, एवढेच विचारलेत. त्या एका प्रश्नातून शेवट सापडला: ती विरलेल्या चादरीचे सूत उकलते, नव्या ताण्यात तो जुना बाणा भरते आणि नवे कापड विणते. नियम मोडत नाही, तिला मरावे लागत नाही, आणि तिचे प्रेम तिच्याच हातच्या कामावर उभे राहते. दिवाळी अंक वाचून ज्यांनी ज्यांनी मला कळवले त्यांनी याच शेवटाविषयी लिहिले आहे.

आणखी एका गोष्टीसाठी मला आपले आभार मानायचे आहेत. माझी आई आणि तिच्या शेजारणी विड्या वळायला एकत्र बसतात तेव्हा मी त्यांना कथा तेलुगूत वाचून दाखवते, हे आपल्याला कळले. मागाहून काय आवडले ते विचारू नये, वाचताना हात कुठे थांबतात ते पाहावे, असे आपण सुचवलेत. ज्यांची मजुरी वळलेल्या विड्यांवर ठरते त्या बायका उगाच कात्री थांबवत नाहीत. मी कागदावर खुणा करत गेले, आणि जेथे हात थांबले नाहीत ती पाने निर्दयपणे कापली. नायक पेटीतली चादर पाहून ती हातात घेण्यापूर्वी परवानगी मागतो त्या ओळीला सुपातल्या पानांची सळसळ बंद झाली होती. ती ओळ छापील अंकात जशीच्या तशी आहे.

आपण कधी माझी कथा स्वतःच्या शब्दांत लिहून दिली नाहीत, माझ्या मराठीतला तेलुगू हेल पुसून टाकला नाहीत, आणि प्रेमाऐवजी काही 'गंभीर' लिही असेही कधी सुचवले नाहीत. लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठी मदत कोणती असते, हे मला ठाऊक नाही.

पुढील कथा पाण्यातल्या आसरांपैकी एकीची आणि एका कोळ्याची आहे. तिचे नियम मी एका कागदावर मांडले आहेत, पहिला खर्डा मोठ्या समासाचा ठेवला आहे, आणि पेन्सिलीला टोक करून तो संक्रांतीपूर्वी आपल्याकडे घेऊन येते. या सर्व कथांचे पुस्तक झाले तर ते आपल्या वाचनालयास अर्पण करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ वाचक आणि विद्यार्थिनी,
पूर्व भाग, सोलापूर