आई, तुझं एक वाक्य

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय ख्रिस्त.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "त्या बायकांत जाऊन तुम्ही नक्की करता काय? आपल्या भगिनी मंडळासारखंच का?" तेव्हा घाईत होते. आज नीट सांगते.

दर बुधवारी सकाळी आम्ही चौघी एकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. बरोबर एक तास. चहा नाही, खाणं नाही. पहिल्यांदा मला ते कोरडं वाटलं. आपल्याकडे चहापोह्यांशिवाय सभा उठत नाही ना! पण चहा आला की गप्पा येतात आणि मुलांसाठीची प्रार्थना शेवटच्या पाच मिनिटांवर जाते, हे तुलाही ठाऊक आहे.

ही रीत इथलीच, कॅनडातल्या आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली. १९८४ साली फर्न निकोल्स नावाच्या आईची दोन मोठी मुलं वरच्या शाळेत जायला लागली. काळजीने तिने प्रभूकडे मागितलं, माझ्याबरोबर प्रार्थना करायला एक तरी आई दे. तिथून हे पसरत गेलं. आता शंभराहून जास्त देशांत आया अशा बसतात. आधी स्तुती, मग पापकबुली (ती मनातल्या मनात), मग उपकारस्तुती आणि शेवटी मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागणं. तिथे बोललेलं तिथेच राहतं, घरी नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही.

खरी गोष्ट आहे ती मध्यस्थीच्या वेळची. एकीने एका मुलाचा विषय काढायचा आणि बाकीच्यांनी त्याच मुलाला धरून राहायचं. एखाद-दोन वाक्यं बोलून थांबायचं, की दुसरी पुढे बोलते. बोलणं आपसात चालावं तसंच, फक्त ऐकणारा प्रभू. त्या मुलाचं झालं की मगच दुसऱ्याचं नाव.

पहिल्या दिवशी मी बाबांच्या चालीवर सुरुवात केली, "हे सर्वसमर्थ, दयाळू स्वर्गीय पित्या..." मंडळी, पाळक, आजारी, विधवा, अनाथ, राज्यकर्ते, पाऊसपाणी, सगळं आलं. बाबा, ती प्रार्थना मला फार प्रिय आहे, मी तिच्यातच वाढले. पण आमेन म्हटल्यावर लक्षात आलं, इतकं बोलून माझ्या लेकराबद्दल मी एक शब्दही काढला नव्हता.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मागच्या वर्षी शाळेत मुलांनी त्याला एकटं पाडलं होतं. डबा जसाच्या तसा परत यायचा. विचारलं की, "भूक नव्हती." तिसऱ्या बुधवारी माझ्या तोंडून एवढंच निघालं, "प्रभू, काल त्याचा डबा पुन्हा भरलेलाच परत आला." पुढे बोलवेना. शेजारची कोरियन बाई हळूच म्हणाली, "प्रभू, तो डबा उघडेल तेव्हा त्याच्या शेजारी कुणीतरी बसू दे." दुसरी म्हणाली, "एकच मित्र दे, बापा, जास्त नको." तिसरी म्हणाली, "आणि या आईला आज रात्री झोप दे." कुणी सल्ला दिला नाही, शाळेत जाऊन भांड असंही म्हणाल्या नाहीत. यशयाच्या ५४ व्या अध्यायात आहे ना, तुझी मुलं परमेश्वराकडून शिकतील आणि त्यांना मोठी शांती मिळेल, तिथे 'मुलं' या शब्दाच्या जागी त्यांनी माझ्या लेकराचं नाव घातलं. परक्या उच्चारात, चुकत-माकत त्याचं नाव ऐकलं आणि मी टेबलावर डोकं टेकून रडले.

त्या रात्री मला झोप लागली. डबा अजूनही कधी अर्धा येतो. पण मागच्या महिन्यात तो एका मुलाबरोबर बसस्टॉपवर हसत उभा दिसला. मी तरी याला उत्तरच म्हणते.

आई, तुझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात वाढलेली. १९०५ साली रमाबाईंनी हाक दिली तेव्हा ७० जणी रोज प्रार्थनेला बसू लागल्या आणि जूनपर्यंत ५५० झाल्या. सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करायच्या, असं तुझी आजी सांगायची म्हणतेस. आणि तिची नात तू, तुला मी मोठ्याने प्रार्थना करताना कधीच ऐकलं नाही. घरच्या उपासनेत बाबा बोलायचे आणि तू डोक्यावर पदर घेऊन, त्याचा काठ बोटांत घट्ट धरून बसायचीस. ओठ मात्र हलत असायचे. मी तुझ्या मांडीला टेकून कान लावायचे. आम्हा भावंडांची नावं तेवढी कळायची, एकामागून एक. म्हणजे मी इथे येऊन शिकले ते तू आधीपासून करतच होतीस, फक्त आवाज न काढता.

आता मागणं. पुढच्या गुरुवारी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्याआधी शनिवारी सकाळी नऊला मी व्हिडिओ कॉल करते, इथे तेव्हा शुक्रवारचे रात्रीचे साडेआठ असतील. तिघांनी मिळून प्रार्थना करू. विषय एकच, गुडघा. बाबा, तुम्ही सुरुवात करा, पण एका वाक्यावर थांबा. तुम्हाला जड जाईल, माहीत आहे, पण माझ्यासाठी करा. मग मी बोलेन.

आणि मग आई तू. जमेल तेवढं, जमेल तसं. लगेच सुचलं नाही तरी फोन ठेवू नकोस, आम्ही दोघं थांबू.

तुमची लेक