जत्रेचं सामान

विश्रामबाग, सांगली

प्रिय दत्ता यास,
सप्रेम नमस्कार.

तू व्हॉट्सॲपवर विचारलंस, "शाळेला देणगी आलीय, गणिताच्या प्रयोगशाळेसाठी कुठला संच घेऊ?" एका शब्दात सांगायचं तर कुठलाच नको. पण तेवढंच लिहिलं असतं तर तू फोन करून तासभर भांडला असतास. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

असे संच मी पाहिलेत. एका शाळेत तो काचेच्या कपाटात आहे. प्लास्टिकचे शंकू, दंडगोल, पायथागोरसची पाटी, सगळं कसं चकचकीत. किल्ली लेखनिकाकडे. एखादा तुकडा हरवला तर तो मास्तरच्या गळ्यात येणार, म्हणून मास्तर पोरांचा हात लागू देत नाही, आणि त्याचंही काही चुकत नाही म्हणा. पण मला खटकतं ते कुलूप नव्हे. त्या पाटीत काटकोन त्रिकोणाच्या दोन लहान बाजूंवरच्या चौकोनांतले तुकडे मोठ्या बाजूवरच्या चौकोनात बसतात, आणि ते बसणारच हे पोरांना आधीपासून ठाऊक असतं. सरांनी सांगितलेलं खरं निघालं, यात कसली आलीय मजा? पोरगं छातीठोकपणे काहीतरी बोलून बसलं आणि समोरची वस्तू त्याचं ऐकेना, की खरी मजा सुरू होते. आधी अंदाज, मग हात. आमच्या गणिताच्या जत्रेत जे चाललं ते याच्यावर चाललं, आणि जे पडलं ते यावाचून पडलं.

सुरुवात चौकोनी चाकानं झाली. न्यूयॉर्कमध्ये मोमॅथ नावाचं गणिताचं संग्रहालय आहे, डिसेंबर २०१२ मध्ये उघडलेलं. तिथं चौकोनी चाकांची तीनचाकी सायकल आहे. लोक तिच्यावर बसून खुशाल फेऱ्या मारतात आणि हिसका म्हणून बसत नाही, कारण खालचा रस्ता सपाट नाही, लहान लहान कमानींचा आहे. वर्गात व्हिडिओ दाखवला तर मागच्या बाकावरून आवाज आला, "एआय असंल सर!" आता यावर काय बोलणार? म्हटलं, करूनच दाखवू.

गल्लीतल्या सुताराला गाठलं. तो म्हणाला, "करतो की, पण कमानीचा फर्मा द्या." सूत्र लिहायला बसलो असतो तर पोरं पळाली असती, आणि त्यांच्या आधी सुतार. पण हा फर्मा सूत्राशिवाय निघतो. नीट वाच, कारण तुला तो काढायचाय. चाकाच्या चौकोनाची बाजू २० सेंटीमीटर धर. तेवढ्याच लांबीची बारीक कड्यांची साखळी घे. भिंतीवर एका पातळीत दोन खिळे मार, मधलं अंतर १७.६ सेंटीमीटर. साखळीची टोकं खिळ्यांना अडकव आणि सोडून दे. मागे कागद धरून तिचा झोळ पेन्सिलीनं गिरव, कागद उलटा कर, झाली कमान. १७.६ चा आकडा विसरलास तरी बिघडत नाही. टोकाशी साखळी बरोबर ४५ अंशांत उतरेपर्यंत खिळा मागंपुढं करायचा, आकडा आपोआप सापडतो. ४५ अंशच का, तर अशा दोन कमानी शेजारी शेजारी ठेवल्या की मधल्या खाचेत काटकोन तयार होतो आणि चौकोनाचा कोपरा त्यात चपखल बसतो.

सुतारानं प्लायमध्ये कमानी कापल्या. पहिल्या दिवशी चाक पुढं जाण्याऐवजी घसरायलाच लागलं. मग त्यानंच कमानींवर पॉलिशपेपर चिकटवला आणि गाडी सरळ चालली. वर पाण्यानं भरलेला पेला ठेवला तरी सांडेना. तेव्हा सातवीतली एक मुलगी पट्टी घेऊन गुडघ्यावर बसली. चाकाच्या मध्यापासून बाजूपर्यंत १० सेंटीमीटर, कोपऱ्यापर्यंत १४.१. फरक ४.१. मग तिनं खाचेची खोली मोजली. ४.१! मान वर न करताच ती म्हणाली, "सर, कोपऱ्याला जेवढी जागा जास्त लागती, तेवढाच खड्डा केलाय की!" मी तिला काही शिकवलं नव्हतं, दत्ता. मी तिथं नुसता उभा होतो. सुतार मात्र वेगळ्याच विचारात होता. "मास्तर, प्रत्येक रस्त्याला आपलं चाक असतंय म्हणा की. मग आपल्या कॉलनीतल्या रस्त्याला कुठलं बसंल?"

दुसरी वस्तू अस्सल सांगलीची. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त मोडलेल्या बांबूचं गणित आहे, तुला आठवत असेल: ३२ हात उंच बांबू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? डिसेंबरात आमच्याकडं गळीत हंगाम ऐन भरात असतो, तेव्हा बांबू कोण शोधत बसणार? ८ फुटांचा ऊस घेतला आणि शेंडा ४ फुटांवर टेकवायला सांगितला. मोडायचा कुठं? पोरं, त्यांचे आईबाप, पाठोपाठ आमचे हिंदीचे सरसुद्धा म्हणाले, "मधोमध!" मोडा म्हटलं. मधोमध मोडलेल्या उसाचा शेंडा सरळ खाली येऊन बुंध्यालाच टेकला. सगळे हसले आणि सगळेच विचारात पडले. मग कुणी म्हणे वर मोडा, कुणी म्हणे खाली. मोडलेल्या जागी सुतळी बांधायची, शेंडा टेकवायचा, टेपनं मोजायचं, आणि चुकलेला ऊस खाऊन टाकायचा. चूक गोड लागते हे मी तरी गणितात पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी ३ फुटांवर मोडल्यावर वरचे ५ फूट तिरके होऊन बरोबर ४ फुटांवर टेकले. ३, ४, ५ हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा नववीच्या पोरांची ट्यूब पेटली, हा तर पायथागोरस!

त्यानंतरच भास्कराचार्यांची रीत सांगितली. जमिनीवरच्या अंतराचा वर्ग करायचा, त्याला पूर्ण लांबीनं भागायचं, आलेलं उत्तर लांबीतून वजा करून निम्मं करायचं. १६ भागिले ८ म्हणजे २, ८ वजा २ म्हणजे ६, निम्मे ३. मग ९ फुटांचा ऊस दिला आणि शेंडा ३ फुटांवर मागितला. एकानं तिथल्या तिथं "४ फुटांवर मोडा" म्हणून सांगितलं आणि तो बसला! दिग्रजकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. ते सगळं बघून म्हणाले, "वाऱ्यानं ऊस लोळतोय मास्तर, मोडत न्हाई. कुणी लिवलंय हे?" मूळ गणित बांबूचं आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग बराबर हाय."

मिरजेचं नाव सतार-तंबोऱ्यांशी जोडलेलं, आणि आपण पोरांना अपूर्णांक शिकवतो ते पिझ्झ्याचे तुकडे काढून! एका कारागिराकडून फळीवर एकच तार ताणून घेतली, तारेखाली सरकती घोडी, म्हणजे लाकडी टेकू, लावून. ९० सेंटीमीटरची तार सा. घोडी ४५ वर नेली की वरचा सा, ६० वर प, ७२ वर ग. पेटी शिकणाऱ्या पोरीनं डोळे मिटून घोडी सरकवली, प जुळला तिथं थांबली, आणि पट्टी लावली तर दोन तृतीयांश. बाकी याचं जास्त कौतुक सांगत नाही. गर्दीत तार ऐकू येत नाही. ही वस्तू वर्गातली आहे, जत्रेतली नव्हे.

जत्रेतली वस्तू म्हणजे वाहनांचे नंबर. आणि याबाबतीत तुला तर लाज वाटायला हवी, कारण देवळाली तुझ्या हाकेच्या अंतरावर. द. रा. कापरेकर तिथं शाळामास्तर होते, तुझ्यामाझ्यासारखे. १९७५ साली गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन' या अमेरिकी मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगाला ते माहीत झाले. त्यांनी शोधलेल्याच एका खेळासाठी आम्ही गेटवर खडू घेऊन दोन पोरं उभी केली. येणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीचे चार आकडे घ्यायचे, उतरते मांडायचे, चढते मांडायचे, वजाबाकी करायची, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. समज, २८४३. ८४३२ वजा २३४८ म्हणजे ६०८४. पुढं ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि मग ६१७४. तिथून हलतच नाही, कितीही वजा कर. सातच्या वर पायऱ्या कधी लागत नाहीत. फक्त शून्य आलं तर ते सोडायचं नाही, आकडे चारच धरायचे. डांबरावर खडूनं वजाबाक्यांची रांग लागली. हातचा घ्यायला विसरलेला माणूस भलतीकडंच पोचायचा, मग शेजारचा त्याची वजाबाकी तपासायचा. एरवी वजाबाकी तपासायला कोण वाकतंय, सांग! एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले. नंबर ७७७७, जादा पैसे भरून घेतलेला. त्यांची वजाबाकी पहिल्याच फटक्यात शून्य. चारी आकडे सारखे असले की असंच होतं. ते मनापासून हसले, हे त्यांचं मोठेपण.

आता जे फसतं तेही सांगतो. पाहुणे. उद्घाटनाला पाहुणा बोलावलास की फ्लेक्स आला, शाल-श्रीफळ आलं, आणि "गणित हा जीवनाचा पाया आहे" हे भाषण आलं. पोरं उन्हात बसतात आणि चौकोनी चाक कापडाखाली झाकलेलं राहतं. दुसरं, वर्गातल्या पहिल्या नंबरच्या पोरांना वस्तूंपाशी उभं करू नकोस. त्यांना उत्तर सांगण्याची भयंकर घाई असते. आमच्या उसापाशी ज्याला गणितात जेमतेम पास होता येतं असा पोरगा होता. त्याला एकच ताकीद दिली होती, "तुला काय वाटतं?" एवढंच विचारायचं. त्याला खरंच उत्तर माहीत नसल्यानं तो विचारायचाही खरोखर. त्याच्यापाशी सगळ्यांत जास्त गर्दी होती.

"याचा दहावीला काय उपयोग?" हे पालक विचारणारच. मी खरं तेच सांगतो: थेट मार्क वाढत नाहीत. एका दिवसाच्या जत्रेनं कुणाचं बीजगणित सुधारत नाही. पण जूनमध्ये पायथागोरस आला आणि वर्गात कुणीतरी "तो उसाचा ना?" म्हणालं, की माझे दोन तास वाचतात. वस्तू जत्रा संपल्यावर वर्गाच्या कोपऱ्यात राहिल्या तरच हे होतं, हेही खरं.

यंदा एक मोठा घाट घातलाय. न्यूयॉर्कमध्येच ५ डिसेंबर २०१३ ला मोमॅथच्या लोकांनी फ्लॅटायर्न नावाच्या तिकोनी इमारतीला रात्री माणसांचा वेढा घातला. हातात सारख्या लांबीच्या चमकत्या कांड्या. प्रत्येक बाजूच्या कांड्या मोजून पायथागोरस ताडून पाहिला. तारीख बघ, तिकडं महिना आधी लिहितात: १२, ५, १३. १४४ आणि २५ मिळून १६९! आपल्याकडं तसली इमारत नाही, पण पटांगण आहे आणि ऊस आहे. सारखे कापलेले ३० ऊस, ५, १२ आणि १३ असे टोकाला टोक लावून ठेवायचे. काटकोन बरोबर आला का हे सांगायला एक पालक येणार आहेत. ते गवंडीकाम करतात, आणि दोरीला ३, ४, ५ च्या गाठी मारून घराचा कोपरा आखतात. पायथागोरस हे नाव त्यांनी ऐकलंय का, ते मी विचारलेलं नाही. ते आखतील, मग पोरं मोजतील.

तर देणगीचे पैसे असे लाव. निम्मे सुताराच्या मजुरीला आणि प्लायला. उरलेल्यांत साखळी, तार, टेप, खडू, सुतळी. साबणाच्या पाण्यात बुडवायला तारेचे घनाकृती सांगाडे करून घे, त्याला काहीच खर्च नाही आणि आत काय दिसतं ते मी तुला मुद्दाम सांगत नाही. पावत्या मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेव. मजुरी 'शैक्षणिक साहित्य' या सदरात बसत नाही म्हणून तुमचे हिशेबनीस कुरकुर करतील. तेव्हा त्यांच्या स्कूटरचा नंबर विचार आणि खडू त्यांच्याच हातात दे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. २२ डिसेंबरला रामानुजन जयंतीची जत्रा इथं आहे, आदल्या दिवशी मुक्कामाला ये, ऊस कापायला माणूस कमी आहे. कमानीचा फर्मा सोबत घडी करून घातलाय. घडीपाशी रेघ हलली असेल, तर साखळी लावून एकदा ताडून घे आणि मगच सुताराला दे.

तुझा,
विलास