दोरोगच्या दोन नंबरची ओळख करून देणाऱ्या बाचींना

प्रिय बाची (म्हणजे आपल्याकडचे काका),

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितोय. तुमची नात ते फोनवर उलगडून तुम्हाला वाचून दाखवेलच. पण इकडे कोल्हापुरात फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं कमी नाहीत, त्यांनाही कळू दे की हंगेरीतल्या एस्तेरगोममध्ये भाड्याने खोली देणाऱ्या एका निवृत्त फिटरने मला काय दिलं. खोलीचं भाडं तुम्ही दर महिन्याला चोख मोजून घेतलंत, त्यामुळे त्याचा हिशेब पूर्ण आहे. आभार उरतात ते बाकीच्याचे.

मी तुमच्याकडे आलो तो कारखान्याच्या कामासाठी. हंगेरीचं फुटबॉल म्हणजे पुश्काश, एवढ्यावर माझं ज्ञान संपत होतं. पेठेच्या संघात मी उजवा बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, खेळायचो हे कळलं आणि तुम्ही पुश्काशचा विषय हातानेच बाजूला सारलात. त्याच्याबद्दल तुला कोणीही सांगेल, म्हणालात. तुझा माणूस बुझान्स्की.

बुझान्स्की येनो. हे नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. पुश्काश, कोचिश, हिदेगकुटी, त्सिबोर ही नावं आमच्याकडेही जुन्या लोकांच्या तोंडी असतात. पण त्यांच्या मागे ज्याने उजवी बाजू सांभाळली तो मात्र नुसता यादीत असतो, गोलकीपरच्या नावानंतर लगेच. तुम्ही मला ती यादी मागून पुढे वाचायला लावलीत.

त्याची गोष्ट तुम्ही रेल्वेपासून सुरू करायचात. जन्म ४ मे १९२५ चा, दोंबोवारजवळच्या उयदोंबोवारचा. गाव रेल्वेचं, त्यामुळे पहिला क्लबही रेल्वेवाल्यांचा. मग पेचमधला रेल्वेवाल्यांचाच संघ, आणि १९४७ मध्ये दोरोग, खाणकामगारांचं गाव. तिथे तो १९६० पर्यंत खेळला. एवढीच कारकीर्द. बदलीची बाजारपेठ नाही, कुठल्या बड्या क्लबची सही नाही. (१९२५ सालीच ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि पुढल्या फळीला आवरायला मागे तिसरा माणूस उभा करायची पद्धत आली. म्हणजे बॅकचं काम बदललं त्याच वर्षी हा बॅक जन्मला. हे मी नंतर वाचून तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खूश होऊन पालिंकाची, म्हणजे तुमच्याकडच्या फळांच्या दारूची, बाटली काढली होतीत.)

या कारकिर्दीतली खरी नवलाची गोष्ट मला पहिल्यांदा कळलीच नव्हती. त्या काळी हंगेरीचे प्रशिक्षक शेबेश गुस्ताव यांच्या संघातले जवळजवळ सगळे दोनच क्लबांत गोळा केलेले होते: सैन्याचा होनवेद आणि एमटीके, ज्याचं नाव त्या राजवटीत सारखं बदलत होतं. सरकारी हुकमाने चांगला खेळाडू उचलायचा आणि तिथे नेऊन बसवायचा. रोज एकत्र सराव, एकमेकांच्या सवयी पाठ. त्या अकरा जणांत एक माणूस दोरोगहून यायचा आणि सामना संपला की दोरोगला परत जायचा. बाकीचे दहा आपापल्या क्लबात आठवडाभर एकत्र असताना हा इतरांशी जुळवून घेत होता, तेही बचावाच्या फळीत, जिथे एक पाऊल मागेपुढे झालं तर गोल बसतो. मी स्वतः बॅक खेळलोय म्हणून सांगतो, हे सोपं नाही. शेजारच्या बॅकशी सूर जुळायला आम्हाला अख्खा मोसम लागायचा, आणि आम्ही तर एकाच गल्लीतले.

आणि गोलकीपर ग्रोशिच? तो होनवेदचा, पण जन्म दोरोगचा. हे सांगताना तुमची मान जी ताठ व्हायची! बारा-एक हजार वस्तीचं गाव, आणि जगातल्या सगळ्यात भारी संघाचा गोली तिथे जन्मलेला आणि उजवा बॅक तिथे खेळणारा.

आता त्या संध्याकाळींबद्दल, ज्यांच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

तुम्ही वेम्ब्लीच्या सामन्याचं जुनं चित्रण लावायचात. २५ नोव्हेंबर १९५३, एक लाखावर प्रेक्षक, इंग्लंड ३, हंगेरी ६. पहिल्याच मिनिटात हिदेगकुटीचा गोल. मी गोल बघायला सरसावलो की तुम्ही पडद्यावर तळहात धरून चेंडूच झाकायचात. दोन नंबरकडे बघ, म्हणजे उजव्या बॅककडे, बुझान्स्कीकडे. पण कॅमेरा तर चेंडूमागे धावतो, दोन नंबर चौकटीतून बाहेर जातो. मग तुम्ही चित्र थांबवायचात आणि विचारायचात, आता तो कुठे असेल? मी काहीतरी सांगायचो. पुन्हा चालू केलं की दोन-चार सेकंदांनी तो दिसायचा आणि बहुतेक वेळा मी सांगितलेल्या जागेपेक्षा आत, मधल्या बॅकच्या जवळ असायचा. कितीतरी वेळा माझा अंदाज चुकल्यावर मला हळूहळू उमगायला लागलं.

बोझिक हा उजवा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला; पण म्हणायला हाफ, खरा तो पुढेच खेळायचा. त्या सामन्यात गोलही केला त्याने. त्याच्यापुढे बुदाइ विंगला. म्हणजे उजव्या बाजूला बोझिक पुढे गेला की मागे मोकळं रान. डावीकडे डावा हाफ झाकारियाश मागे थांबून मधला बॅक लोरांटला आधार द्यायचा, उजवीकडे तशी सोय नव्हती. ते रान एकट्या बुझान्स्कीचं. त्यात तो स्वतःही संधी मिळाली की कडेने वर जायचा, जे त्या काळच्या बॅकने करायचं नसतं. वर गेला की परतही यायला लागायचं, आणि बदली खेळाडू हा प्रकार तेव्हा जवळपास नव्हताच. इंग्लंडच्या दुसऱ्या बाजूला स्टॅनली मॅथ्यूज होता, त्याच्याशी झुंज डावा बॅक लांतोशची. बुझान्स्कीच्या वाट्याला जॉर्ज रॉब आला, टॉटनहॅमचा. रॉबची इंग्लंडकडून खेळायची सुरुवातही त्या सामन्याने झाली आणि शेवटही.

खरं सांगायचं तर तुमचा बचाव काही अभेद्य भिंत नव्हता, बाची. वेम्ब्लीत तीन खाल्लेच. १९५४ च्या विश्वचषकात पाच सामन्यांत २७ गोल केले आणि १० खाल्ले. तुम्ही यावर चिडायचात, पण मला त्याच्यामुळेच बुझान्स्की जास्त आवडायला लागला. ज्या संघात सगळ्यांचे पाय पुढे ओढ घेतात, त्यात मागे राहिलेल्यांना उघड्यावर खेळावं लागतं. एका बाजूला नऊ-नऊ गोल मारणारी पुढची फळी, आणि तिच्या हौसेची किंमत मागे तिघं-चौघं फेडतायत. त्याने हंगेरीकडून ४९ सामने खेळले आणि एकही गोल केला नाही.

ऑलिम्पिकची गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती, इथे वाचणाऱ्यांसाठी पुन्हा सांगतो. १९५२ ला हेलसिंकीत आपला भारताचा संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपले काही जण अनवाणी खेळले होते. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात हंगेरीने २-० ने हरवलं, गोल पुश्काश आणि त्सिबोरचे. पूर्ण स्पर्धेत हंगेरीने वीस गोल केले आणि खाल्ले फक्त दोन. आपल्याला दहा मारणाऱ्यांना ज्या बचावाने एकही मारू दिला नाही, त्यात बुझान्स्की होता. हे ऐकून तुम्ही म्हणालात, म्हणजे तुमचा सूड आम्ही उगवला. हो, त्याचेही आभार घ्या! त्याच वर्षी दोरोगचा संघ देशाच्या कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता हेही तुम्ही जोडलंत. तुमच्या लेखी या दोन गोष्टी एकाच तोलाच्या असाव्यात.

१९५४ वर तुम्ही फार बोलत नव्हतात. १९५० च्या मे महिन्यात ऑस्ट्रियाकडून हरल्यावर पुढे चार वर्षं हा संघ हरलाच नव्हता. इंग्लंडला बुडापेस्टमध्ये बोलावून ७-१ ने धुतलं. स्वित्झर्लंडमधल्या विश्वचषकात दक्षिण कोरियाला ९, गटात पश्चिम जर्मनीला ८, मग ब्राझील आणि उरुग्वे, दोघांनाही ४-२. आणि ४ जुलैला बर्नच्या पावसात, त्याच पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात, आठ मिनिटांत २-० ने पुढे जाऊन ३-२ ने हार. त्या पिढीच्या माणसाला त्यावर बोलतं करणं बरं नाही हे मला कळायला हवं होतं, पण मी विचारत राहायचो आणि तुम्ही सांगत राहायचात, हळूहळू.

मग १९५६. देशात उठाव झाला, रणगाडे आले. त्याच सुमारास होनवेदचा संघ परदेशात खेळायला गेला. पुश्काश, कोचिश, त्सिबोर परतले नाहीत. पुढे एक माद्रिदला, दोघं बार्सिलोनाला. त्यांना कोणी दोष द्यावा असं मला वाटत नाही, तुम्हालाही वाटत नव्हतं. बुझान्स्की दोरोगलाच राहिला. त्याचं हंगेरीकडून खेळणंही त्याच वर्षी थांबलं, पण क्लबसाठी तो आणखी चार वर्षं खेळला. नंतर तिथेच प्रशिक्षक, एस्तेरगोममध्येही काही काळ. ग्रोशिच २०१४ च्या जूनमध्ये गेला, तेव्हा वेम्ब्लीत सुरुवातीला उतरलेल्या अकरा जणांतला एकटा बुझान्स्की मागे उरला. ११ जानेवारी २०१५ ला तोही गेला, वयाच्या ८९ व्या वर्षी.

एका रविवारी तुम्ही मला दोरोगला नेलंत. एस्तेरगोमहून रेल्वेने जेमतेम प्रवास. मैदानाला आता त्याचंच नाव आहे. खाणी बंद पडल्यात. सामना साधाच होता, प्रेक्षक थोडे, हवा बोचरी. लहानपणी वडिलांबरोबर तुम्ही कुठे उभे राहायचात ती कडेची जागा दाखवलीत: पहिल्या अर्ध्यात बॅक समोर येतो, दुसऱ्या अर्ध्यात त्याच जागी विरोधी संघाचा बॅक. वडील म्हणे अर्ध्या वेळेला जागा बदलून पलीकडे जायचे, कारण बघायचं असायचं ते बुझान्स्कीलाच. आमच्या शाहू स्टेडियमवर पुढच्या फळीसाठी जागा बदलणारे पाहिलेत. बॅकसाठी जागा बदलणारा माणूस मी तुमच्या वडिलांच्या रूपानेच ऐकला.

आता इकडचं. कोल्हापुरात परत आल्यापासून संध्याकाळी पेठेतल्या पोरांना घेऊन मैदानावर जातो. सगळ्यांना दहा नंबर हवा. विश्वचषक आला की इथे गल्लीगल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, तेव्हा पोरांचंही चुकत नाही. पण तुमची युक्ती मी उचललीय. मोबाइलवर सामना लावतो, बोटाने चेंडू झाकतो आणि विचारतो, बॅक कुठे असेल सांग. पहिले काही दिवस बोंबाबोंब झाली. आता दोन पोरं अशी आहेत जी माझ्याआधी उत्तर देतात. एक तर चौकटीबाहेरच्या बॅकला शिव्याही घालतो, चुकीच्या जागी असला तर. त्याला मी बुझान्स्कीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "सर, गोल न करता एकोणपन्नास सामने? मग त्याला घेतला कशाला?" उत्तर मी तोंडाने दिलं नाही, चित्रण लावलं. तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतंत.

हे सगळं तुमच्यामुळे. परक्या देशात रिकाम्या संध्याकाळी खोलीत पडून राहणाऱ्या माणसाला तुम्ही दार वाजवून बोलावलंत, सूप वाढलंत आणि त्याच्याच जागेवर खेळणारा एक मोठा माणूस त्याच्या हाती दिलात. मनापासून आभार. तुमच्या नातीचेही, कारण तिने मध्ये बसून भाषा सांभाळली नसती तर आपण दोघं नुसते हातवारे करत बसलो असतो.

एक वाद मात्र राहिलाय. बर्नमधला ८४ व्या मिनिटाचा जर्मनीचा विजयी गोल. तुमचं म्हणणं चूक बोझिकची, जर्मनीच्या शेफरपुढे चेंडू त्याने घालवला. बरोबर. पण शेफरने क्रॉस टाकला तो हंगेरीच्या उजव्या बाजूने, आणि तेव्हा दोन नंबर त्याच्यापासून दूर होता असं मला अजूनही वाटतं. तो क्रॉस डोक्याने परतवला गेला, चेंडू जर्मनीच्या हेल्मुट रानला मिळाला आणि त्याने गोल केला. तुम्ही म्हणता तो मधल्या बॅकला आधार द्यायला आत आला होता, आणि तीच त्याची बरोबर जागा. मी ते चित्रण परत परत पाहतोय. नातीला सांगून तुमच्याकडची प्रत पाठवा, माझ्याकडचं फार धूसर आहे. पाहून कळवतो.

तुमचा,
कोल्हापूरचा भाडेकरू