लांब डच शब्द आणि आघाताची जागा

माननीय संपादक,

डच भाषेतील लांबलचक जोडशब्द उच्चारता येत नाहीत असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, ते मला मान्य नाही. काम करण्याची क्षमता गमावल्यास मिळणाऱ्या विम्याला तिथे ‘आर्बेइट्सऑन्खस्खिक्टहेइट्सफरझेकरिंग’ म्हणतात. त्यात 10 अक्षरावयव (उच्चाराचे तुकडे) आहेत, पण घटकशब्द फक्त 3. ते वेगळे दिसले की प्रमुख आघात (उच्चारातला जोर) पहिल्या ‘आर’वर आणि दुय्यम आघात ‘झे’वर येतो हे समजते.

एरवी दोन स्वरांमधले एकटे व्यंजन डचमध्ये पुढच्या अवयवात जाते, परंतु जोडशब्दात घटकांची सीमा या नियमावर मात करते. ‘आवोंट’ (संध्याकाळ) आणि ‘एतन’ (जेवण) यांच्या जोडशब्दाचे तुकडे ‘आ-वोंट-ए-तन’ असेच पडतात. डचमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘द’ ‘ट’सारखा उच्चारला जातो; पहिल्या घटकाच्या शेवटी लिहिलेला ‘द’ इथेही ‘ट’ ऐकू येतो, हाच त्या सीमेचा पुरावा. सीमा चुकली तर अर्थही बदलतो: ‘क्वार्टस्लाखन’ हा शब्द ‘क्वार्ट’नंतर तोडल्यास पाव फेरे, ‘क्वार्ट्स’नंतर तोडल्यास त्याच नावाच्या खनिजाचे थर.

जोडशब्दात प्रमुख आघात सहसा पहिल्या घटकावर येतो, याला अपवाद आहेतच. नगरभवनासाठीच्या ‘स्टाटहाउस’मध्ये आघात दुसऱ्या घटकावर असतो, आणि अ‍ॅमस्टरडॅम व रॉटरडॅम ही मुळात नदी आणि धरण यांची जोडनावे शेवटच्या अवयवावर जोर देऊनच उच्चारली जातात. म्हणून डच नावे छापताना व शिकवताना निदान घटकांची सीमा आणि आघात दाखवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक भाषाभ्यासक वाचक